शिक्षणातील ‘खंड’ आणि परतणारा विद्यार्थी

प्रवेशअर्जासोबत जोडावयाच्या कागदांत ‘गॅप सर्टिफिकेट’ नावाचे एक प्रतिज्ञापत्र असते. शिक्षण का थांबले, मधली वर्षे आपण काय करीत होतो, या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता ना, हे विद्यार्थ्याने शपथेवर लिहून द्यायचे. बाप वारला म्हणून मजूर नाक्यावर उभा राहिलेला मुलगा, सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी, आईबापांमागे ऊसतोडीला गेलेली पोरे, या सर्वांच्या आयुष्याचा खुलासा टंकलेखकाच्या एका ठरीव वाक्यात होतो : ‘घरगुती अडचणीमुळे’. ज्या समाजव्यवस्थेने हे शिक्षण थांबवले तिला कोणी शपथ घालीत नाही. खंड पडला तो तिच्यामुळे, पण त्याचा दोष मात्र विद्यार्थ्याच्या नावावर चढतो.

तिशी-चाळिशीत पुन्हा पदवीच्या वर्गात येऊन बसणाऱ्या या माणसांचा विचार आपल्याकडे जवळजवळ झालेलाच नाही. शासनाच्या भाषेत ‘प्रौढ शिक्षण’ म्हणजे साक्षरता. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. त्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही; परंतु त्यांच्यामागील गृहीत तपासले पाहिजे. प्रौढ दलिताने अंगठ्याऐवजी सही करावी, बसची पाटी वाचावी, इथपर्यंत प्रस्थापित समाजाची तयारी असते. त्याच माणसाने अर्थशास्त्राचा प्रबंध लिहावा, ही कल्पना त्याला अजून परकी वाटते.

वास्तविक आपल्या चळवळीच्या इतिहासातील सर्वांत मोठा परतणारा विद्यार्थी म्हणजे स्वतः बाबासाहेब होत. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे बडोद्याची नोकरी, तेथे राहावयास जागा न मिळण्याची मानहानी, नंतर १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी. १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते, घरी संसार होता. १९२१ मध्ये त्यांनी एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. संपादन केली.

ही कथा आपण जयंतीच्या व्यासपीठावरून जिद्दीची कथा म्हणून सांगतो. ती तशी आहेच. परंतु तिच्यातील एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. १९१७ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी दिली होती. म्हणजे जिद्द होती, पैसा उभा करणारी माणसे होती, आणि विद्यापीठाने दारही उघडे ठेवले होते. या तिहींपैकी दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या हातात नसतात. जिद्दीचाच तेवढा गौरव करून उरलेल्या दोहोंविषयी मौन पाळणे म्हणजे व्यवस्थेला फुकट सुटका देणे होय.

बाबासाहेबांनी हे मौन पाळले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली होती. या दोन्ही प्रयत्नांमागे एकच तत्त्व आहे. कष्टकऱ्याचे घड्याळ बदलत नाही, म्हणून शाळेने आपले घड्याळ बदलावे. परतणाऱ्या विद्यार्थ्याला द्यावयाच्या साहाय्याचे याहून नेमके सूत्र मला दुसरे दिसत नाही.

हे सूत्र मोडले की काय होते, ते आपल्या साहित्यात नोंदले गेले आहे. समीक्षेने मात्र तिकडे लक्ष दिलेले नाही. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाची चर्चा जात आणि पुरुषसत्ता यांच्या अंगाने पुष्कळ झाली. ते एका परतणाऱ्या विद्यार्थिनीचेही आत्मकथन आहे, हे तितकेच महत्त्वाचे आहे. सरकारी कचेरीतील नोकरी, मुले, संसार सांभाळून ही स्त्री एम. ए. करू पाहते. नवरा सरळ नकार देत नाही. स्वयंपाकपाणी, मुलेबाळे, सारे काही करून उरलेल्या वेळात काय ते कर, अशी त्याची अट असते. आता ही अट महाविद्यालयाच्या अटीशेजारी ठेवून पाहावी. कामावरून सुटून ये, पण हजेरी ७५ टक्के भर. ग्रंथालय पाच वाजता बंद होईल, त्याआधी पुस्तक घे. अंतर्गत परीक्षा मंगळवारी दुपारी आहे, रजा मिळत नसेल तर तो तुझा प्रश्न. नवऱ्याची भाषा घरगुती असते, संस्थेची नियमांची. अट एकच आहे. आमचे काही बदलणार नाही, तू उरलेल्या वेळात शीक! आणि दलित कष्टकरी स्त्रीच्या वाट्याला उरलेला वेळ नावाची वस्तूच नसते.

यावर मुक्त विद्यापीठाकडे बोट दाखवले जाते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून पदवीची वाट मोकळी केली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या विद्यापीठाच्या अस्तित्वाचा उपयोग इतर महाविद्यालये आपली जबाबदारी झटकण्यासाठी करू लागली, तर ती नवी वेस ठरेल. तरुणांना वर्ग, ग्रंथालय, शिक्षक, मित्र. आणि वय झालेल्यांना पुस्तकांचे पुडके. घरात टेबल नाही, विचारायला सुशिक्षित शेजारी नाही, अशा माणसाला तर प्रत्यक्ष शिक्षकाची गरज अधिक असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी अर्ध्यावर सोडून पुन्हा येण्याची सोय जाहीर केली. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. २०२१ च्या नियमांनुसार मिळवलेली श्रेयांके जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य धरली जातात. बाहेर पडण्याच्या दाराशी प्रमाणपत्र हातात देणारा कारकून बसवला आहे. आत येण्याच्या दाराशी कोण आहे? बँकेत श्रेयांके जमा राहतात, पण वाचनाची सवय, उत्तर लिहिण्याचा सराव, वर्गात प्रश्न विचारण्याचा धीर कोणत्याही बँकेत जमा राहत नाही. तो पुन्हा कमवावा लागतो आणि त्यासाठी माणूस लागतो.

मी शिकवतो त्या वर्गात सुरक्षारक्षक बसतात, अंगणवाडी सेविका बसतात. त्यांची विषयाची समज कित्येकदा तरुणांपेक्षा पक्की असते, कारण मजुरीचा दर किंवा रेशनचा हिशेब त्यांनी पुस्तकाबाहेर शिकलेला असतो. अडते ते लेखनाशी आणि कचेरीच्या खिडकीशी. ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न त्या खिडकीतून येतो आणि एक विद्यार्थी कायमचा परत जातो.

म्हणून मागण्या ठोस असल्या पाहिजेत. ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडे असावे. पहिल्या सत्राआधी महिनाभर लेखन-वाचनाचे पूर्वतयारी वर्ग असावेत. नोकरदारांना अंतर्गत परीक्षेची दुसरी तारीख मिळावी. शुल्क हप्त्याने घ्यावे. लेकुरवाळ्या विद्यार्थिनींसाठी पाळणाघर असावे. अर्ज, दाखले, शिष्यवृत्ती यांसाठी एक जबाबदार माणूस नेमलेला असावा. यातील एकाही गोष्टीला उपकार म्हणता येणार नाही. ज्यांच्या श्रमावर विद्यापीठे उभी राहिली त्यांचे हे येणे आहे.

शेवटी आपल्याविषयीही बोलले पाहिजे. वस्तीत दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार होतात, ते व्हावेतच. पण चाळीसाव्या वर्षी बी. ए. झालेल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला आपण कधी व्यासपीठावर बोलावले? आपल्या मनातही शिक्षण म्हणजे कोवळे वय, हेच समीकरण रुजलेले आहे. ते आपण मोडले नाही तर विद्यापीठाला दोष देण्याचा अधिकार अपुराच राहील. येत्या जूनमध्ये प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील एका तरी माणसाला सोबत घेऊन प्रवेशाच्या खिडकीपर्यंत जावे आणि त्याला प्रवेश मिळेपर्यंत तेथून हलू नये.