पाषाणातील विराम

भूविज्ञानविषयक लेखनाला वाङ्मयविचारात सहसा स्थान मिळत नाही. ते माहितीचे गद्य होय, त्याची परीक्षा शास्त्रज्ञांनी करावी, अशी समजूत आहे. परंतु घडून गेलेल्या गोष्टींची संगती लावून ती सांगणे हाच ज्या शास्त्राचा मुख्य व्यापार, त्याचे लेखन कथनमीमांसेबाहेर कसे राहील? चार्ल्स लायेलचा ग्रंथ १८३० ते १८३३ ह्या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचा प्रभाव सिद्धान्ताइतकाच युक्तिवादाच्या ओघामुळे पडला. (लायेलने वकिली केली होती, हे येथे ध्यानात घ्यावे.)

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनच्या लाव्हारसाविषयी दोन शोधनिबंध आले. कोर्टनी स्प्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसॉल्टमधील आरगॉनच्या मोजणीवरून काल ठरविला. त्यांच्या मते सुमारे ७५ टक्के लाव्हारस डायनोसॉरांच्या विनाशानंतर वाहिला. ब्लेअर शोएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिरकॉन स्फटिकांतील युरेनियम व शिसे मोजले. त्यांना चार मोठे उद्रेक दिसले, आणि त्यांपैकी एक विनाशाच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झालेला आढळला.

वृत्तलेखनाने ह्या मतभेदाचे बहुधा खटल्यात रूपांतर केले. आरोपी दोन: मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर आदळलेला लघुग्रह आणि दख्खनचा लाव्हारस. मराठीत ‘प्रलय’ हा शब्द हाताशी असल्यामुळे मोह अधिकच. परंतु रहस्यकथेला एक मृत्यू आणि एक रात्र लागते. येथे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा, दहा लक्ष वर्षांच्या आसपास चाललेला व्यापार आहे. कथेच्या सोयीसाठी कालमापनातील ‘अधिक-उणे’ गाळले गेले. वस्तुतः सारा वाद त्या अधिक-उण्याच्या मर्यादेतच चालला होता. ते गाळणे म्हणजे नाटकातून संघर्ष वगळून केवळ पात्रांची यादी छापणे होय.

त्याहून मोठी उणीव निराळीच आहे. महाबळेश्वराच्या परिसरातील घाटांत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक प्रवाह थिजला, ऊनपावसाने त्याचा पृष्ठभाग झिजून माती झाली, मग दुसरा प्रवाह आला. शोएन यांचे पुष्कळसे झिरकॉन ह्याच पट्ट्यांत साठलेल्या राखेतून मिळाले. म्हणजे कालाची साक्ष उद्रेकाने नव्हे, दोन उद्रेकांमधील विरामाने दिली. वृत्तलेखनात मात्र धगधगता लाव्हारस पानभर, आणि तांबडी माती एखाद्या उपवाक्यात.

‘ट्रॅप’ ही संज्ञा पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आली, ही व्युत्पत्ती अशा लेखांत हमखास भेटते. त्या पायऱ्या झिजून कशा घडल्या, हे सांगणारा लेख क्वचितच.