जिवंत बायकोची अंत्ययात्रा

इटालियन नाटककार लुइजी क्यारेल्लीचं ‘मुखवटा आणि चेहरा’ हे नाटक १९१६ साली रोमच्या आर्जेन्तीना थिएटरमध्ये रंगमंचावर आलं. त्याने ते शोकनाट्य म्हणून लिहिलं नाही, प्रहसन म्हणूनही नाही. ‘तीन अंकी ग्रोटेस्क’, म्हणजे हसू आणि करुण यांचं विचित्र मिश्रण, असं त्याने त्याला म्हटलं, आणि पुढे इटालियन रंगभूमीवरचा एक अख्खा पंथच त्या नावाने ओळखला गेला.

कोमो सरोवराकाठच्या बंगल्यात काउंट पाओलो पाहुण्यांपुढे छातीठोकपणे सांगतो : बायकोने दगा दिला, तर मी तिला जिवंत सोडणार नाही. त्याच रात्री कळतं, की त्याच्या बायकोने, सावीनाने, दगा दिलाय. प्रत्यक्षात मात्र त्याचा हात धजत नाही. मग तो तिला गुपचूप परदेशी धाडतो आणि ‘मी तिला मारलं’ असं जाहीर करतो.

खरी कमाल यापुढे आहे. कोर्टात पाओलोचा बचाव करतो वकील स्पीना, म्हणजे सावीनाचा प्रियकरच! पाओलो निर्दोष सुटतो. गाव त्याला डोक्यावर घेतं, बायका प्रेमपत्रं पाठवतात. तेवढ्यात सरोवरात एक ओळखू न येणारं प्रेत सापडतं आणि ते सावीनाचंच ठरतं. अंत्ययात्रेची तयारी होते, आणि सावीना घरी परतते. बाहेर तिच्या नावाने शोक, आत ती नवऱ्यासमोर उभी!

या प्रसंगात शोक करणारे अगदी रीतसर शोक करतात. वेडगळ कुणीच वागत नाही, म्हणून तर हसू आवरत नाही. पण ते टिकतही नाही. इटालियन नाटककार पिरांदेल्लोने १९०८च्या विनोदावरच्या ग्रंथात केस रंगवून नटलेली म्हातारी उभी केली आहे. तिला पाहून आधी हसू येतं; तरुण नवऱ्याने सोडून जाऊ नये म्हणून तिची ही धडपड आहे हे उमगलं, की गलबलतं. पाओलोचंही तसंच. त्याच्यातली सर्वांत चांगली गोष्ट कोणती, तर त्याला खून करवला नाही. आणि नेमकी तीच तो गुन्ह्यासारखी लपवतो, कारण लोक हसतील!

खुनी म्हणून तो सुटला. खून केलाच नाही हे उघड झालं, तर मात्र कोर्टाला फसवल्याबद्दल तुरुंग. खुनी असा सुटणं ही निव्वळ नाटककाराची कल्पना नव्हे. अब्रूपायी केलेल्या खुनाला शिक्षेत मिळणारी सवलत इटलीच्या कायद्यात १९८१पर्यंत होती.

शेवटी नवराबायको पुन्हा एकमेकांना जीव लावतात आणि पळून जातात. हा शेवट वरवर सोपा, गोड वाटेल. मला तो तसा वाटत नाही. घर, नाव, मिळालेल्या टाळ्या, सगळं मागे टाकल्याशिवाय पाओलोला दारातून बाहेर पडताच येत नाही.