निरोपाचे सामान

परंपरेनुसार १२७० साली नरसी येथे जन्मलेल्या नामदेवांच्या गाथेतील ‘तीर्थावळी’ बहुधा मारवाडातील विहिरीच्या चमत्कारासाठी आठवली जाते. मला तिचा आरंभ अधिक मोलाचा वाटतो. ज्ञानदेव यात्रेला चलण्याची विनंती करतात. नामदेवांचा पाय पंढरीतून निघत नाही. अखेर विठ्ठलच त्यांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवतो आणि मागे राहिलेला देवच व्याकुळ होतो! (हे सारे अभंग नामदेवांचेच काय, हा वाद अभ्यासकांचा.)

उतारवयात एकट्याने मोटरसायकलवर परदेशी निघणाऱ्यांची प्रवासवर्णने वाचताना या आरंभाची उणीव जाणवते. कार्नेट, व्हिसा, सुटे भाग, रक्तदाबाच्या गोळ्या यांची नोंद चोख असते. उंबरठ्यावर उभ्या पत्नीच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. संत लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, प्रभू येशू शिष्यांना थैली, झोळी, वहाणा घेऊ देत नाही. पाठवतो मात्र दोघादोघांना.

ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली. त्यानंतर नामदेव पंजाबात गेले, घुमानला दीर्घकाळ राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. या दुसऱ्या प्रस्थानात ज्ञानदेव सोबतीला नव्हते. ‘समाधी’च्या अभंगांत त्या वियोगाचा शोक आहे, पण तो शोक घेऊन नामदेव पुन्हा वाटेला कसे लागले, पंढरीने त्यांना कसा निरोप दिला, हे सांगणारी दुसरी ‘तीर्थावळी’ गाथेत नाही. एरवी इतके बोलके असलेले नामदेव इथेच अबोल का झाले असावेत?