ब्रीद आणि फलक

गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयाने माझ्यावर एक नाजूक कामगिरी सोपवली. मदतीसाठी करावयाच्या एका अर्जात 'व्हिजन स्टेटमेंट' असा रकाना होता. चिटणीसांनी तो भरून आणला होता. त्यातले मराठी तेवढे मी तपासून द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. मसुदा असा होता : 'प्रगत समाजाच्या निर्मितीसाठी जागतिक दर्जाच्या सेवा देणारे, अग्रगण्य व सर्वसमावेशक वाचनालय म्हणून नावारूपास येणे.' व्याकरणाची चूक एकही नव्हती. तरी वाचून डोळ्यांसमोर काही उभे राहिना. गंमत म्हणून मी 'वाचनालय' खोडून 'दूधसंघ' लिहिले. वाक्य जसेच्या तसे उभे राहिले. मग 'पतपेढी' लिहिले, मग 'मंगल कार्यालय'. तिथेही ते चपखल बसले! जो सदरा गावातल्या प्रत्येकाला होतो, तो कोणाच्याच मापाचा नसतो.

त्या दिवसापासून मला अशी वाक्ये वाचण्याचा छंद जडला. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या दर्शनी भिंतीवर, जिथे जावे तिथे ती चौकटीत बसून आपल्याकडे पाहत असतात. आपल्या काळातला हा एक वाङ्मयप्रकारच म्हणायला हवा. लेखक पुष्कळ, वाचक थोडे आणि टीकाकार एकही नाही, अशी त्याची स्थिती आहे. तेव्हा दिवाळीच्या निवांतपणात त्याकडे थोडे टीकाकाराच्या नजरेने पाहावे म्हणतो.

वास्तविक या गोष्टीसाठी मराठीत जुना आणि भारदस्त शब्द आहे : ब्रीद. ब्रीद मिरवता येते हे खरे, पण ते राखावे लागते, त्याला जागावे लागते. पतितपावन हे विठ्ठलाचे ब्रीद. नामदेवांच्या एका प्रसिद्ध अभंगातला भक्त ते नाव ऐकून देवाच्या दारी येतो आणि ते खरे होत नसेल तर माघारी जाण्याची भाषा बोलतो. ब्रीदामुळे देवसुद्धा बांधला जातो, हे त्यातले मर्म. माझ्या मते या वाङ्मयप्रकाराची कसोटीही हीच असावी. वाक्य वाचून कोणी दाराशी येऊन जाब विचारू शकतो का? 'अग्रगण्य' संस्थेला जाब कोण, कशाचा विचारणार?

या कसोटीला उतरणारे उदाहरण आपल्या घरचेच आहे. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिचे वाक्य. शब्द अवघे पाच. त्यांतला 'हेच'मधला 'च' मला फार मोलाचा वाटतो. त्या एका अक्षराने बाकीचे सारे मोह दाराबाहेर ठेवले. 'स्वावलंबी' हे विशेषणही शोभेचे नाही. गरिबाचे पोर शिकेल, पण स्वतःच्या श्रमावर, मिंधेपणाने नव्हे, असा रोखठोक व्यवहार त्यात आहे. 'कमवा आणि शिका' ही योजना त्यातूनच उभी राहिली. शिक्षण कोणासाठी, हे वाक्यात आलेले नाही असा आक्षेप कोणी घेईल; पण ते 'रयत' या नावातच आले आहे. साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली, तेव्हा त्या नावाचा अर्थ गावाला दिसला. आणि मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रदेखील मोडले, तेव्हा ब्रीदाची किंमत काय असते हेही दिसले. वाक्य लिहिणाऱ्याला ते फुकट पडले असेल, तर वाचणाऱ्याने त्याला किती किंमत द्यावी?

दुसरे उदाहरण मदुराईचे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि 1976 साली त्यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. तरुणपणीच्या संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली; त्याच बोटांनी ते डोळ्यांवर शस्त्रक्रिया करीत. त्यांनी पुढे ठेवलेले उद्दिष्ट मराठीत सांगायचे तर 'विनाकारण येणारे अंधत्व नाहीसे करणे'. या वाक्यात रुग्णालय कुठेच नाही. आपण किती मोठे होणार, कितवे येणार, याचा उच्चार नाही. आहे तो आंधळा होऊ घातलेला माणूस. आणि 'विनाकारण' हा शब्द पाहा. एरवी अशा वाक्यांत विशेषणे येतात ती बाशिंगासारखी, नुसती बांधायला. हे विशेषण मात्र शेताच्या बांधासारखे हद्द आखते. सारेच अंधत्व जाणार नाही, हे डॉक्टर जाणून आहे. पण मोतीबिंदूसारखे जे जाऊ शकते, ते पैशावाचून किंवा अंतरापायी राहिले तर दोष आपला, असे तो एका शब्दात कबूल करतो. मग खेड्यापाड्यांत शिबिरे भरवणे आले, ऐपतदारांच्या शुल्कातून गरिबांचे उपचार चालवणे आले, डोळ्यात बसवायचे भिंग परदेशातून महाग पडते म्हणून 1992 साली स्वतःचा कारखाना काढणे आले. एका क्रियाविशेषणाएवढ्या शब्दाने एवढी कामे अंगावर घेतली!

कोणी म्हणेल, असा हिशेबीपणा आणला तर स्फूर्ती कुठून येणार? मला वाटते, स्फूर्तीचे आणि नेमकेपणाचे वैर नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी मे 1961 मध्ये आपल्या संसदेपुढे संकल्प मांडला : हे दशक संपण्यापूर्वी माणसाला चंद्रावर उतरवायचे आणि सुखरूप पृथ्वीवर परत आणायचे. मुदत स्पष्ट, जागा स्पष्ट. पण त्या वाक्याचा जीव मला शेवटच्या भागात दिसतो. आपल्याकडे घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्या 'येतो'ची जबाबदारी केनेडींनी उचलली, आणि तिथेच काम कितीतरी अवघड झाले. जुलै 1969 मध्ये ते पुरे झाले.

आणि ज्यांना प्रतिमाच हवी, त्यांनी शिवाजी महाराजांची राजमुद्रा पाहावी. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, विश्वाला वंद्य होणारी ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय. झेप केवढी! पण तीत एक प्रामाणिकपणाही आहे. प्रतिपदेची कोर म्हणजे दिसेल-न दिसेल अशी रेघ. आज आपण एवढेच आहोत हे कबूल करून मग वाढीची गोष्ट केली आहे. आमच्या मसुद्यात पौर्णिमा पहिल्या दिवशीच उगवली होती.

इतके शहाणपण मिळवून मी स्वतः लिहायला बसलो, आणि माझ्या हातून उतरले 'ज्ञानदीप उजळणारे संस्कारमंदिर'! दुसऱ्याच्या लेखनातला दोष दिसणे निराळे आणि आपल्या लेखणीतून तो काढणे निराळे. शेवटी सभेत आमच्या ग्रंथपालबाईंनी साधा प्रश्न केला, ''परत कोण जातं ते लिहायचं का, सर?'' वाचायची इच्छा असून जी माणसे दारातून परत जातात, त्यांची त्यांनी तोंडपाठ यादीच सांगितली. त्या यादीवरून वाक्य झाले : 'या गावात वाचू इच्छिणारा कोणीही पुस्तकावाचून राहणार नाही.' अध्यक्ष अस्वस्थ झाले. म्हणाले, ''अहो, असं लिहिलं तर लोक येऊन विचारतील!'' मी म्हटले, ''विचारू द्या की.''

फलक लागला. महिन्याभरात एस.टी. स्टँडाजवळ भाजी विकणाऱ्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीने फलक मोठ्याने वाचून दाखवला. बाईंनी तो ऐकला आणि विचारले, ''मग ते अनामत कशापायी मागता?'' नामदेवांचा भक्त आमच्या दाराशी येऊन उभा होता.

त्यावर मंडळाच्या दोन सभा झाल्या, आवाज चढले, आणि शाळकरी मुलांची अनामत एका मताच्या फरकाने रद्द झाली. त्यानंतर बालविभागातली सात पुस्तके परत आलेली नाहीत. अध्यक्ष भेटले की मला आकडा ऐकवतात. मी मान खाली घालून तो ऐकून घेतो. फलक उतरवावा, असे मात्र अजून तेही म्हणालेले नाहीत.