आजीचें चरित्र

मराठी चरित्रवाङ्मयाचा पसारा आतां लहान राहिलेला नाहीं. राजपुरुष, संत, सुधारक, पंडित, नट, गवई या सर्वांचीं चरित्रें आपल्या ग्रंथालयांत आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं उत्तम वाङ्मय म्हणूनही टिकलीं आहेत. परंतु जिच्या हातचें अन्न खाऊन हे सर्व मोठे झाले, त्या खेड्यांतील गृहिणीचें, आणि विशेषतः तिच्या म्हातारपणाचें, चरित्र कोठें आहे असा प्रश्न कोणीं केला, तर समाधानकारक उत्तर देतां येत नाहीं. ती कथेंत आहे, कवितेंत आहे, अर्पणपत्रिकांत तर आहेच आहे; पण स्वतःच्या आयुष्याची नायिका म्हणून ती क्वचितच भेटते. असें कां व्हावें, याचा थोडा विचार येथें करण्याचा आमचा उद्देश आहे.

हा विचार करण्यास नागपूर जिल्ह्यांतील कुही तालुका आम्हांस विशेष योग्य वाटतो. या तालुक्यांत वैनगंगेच्या कांठीं आंभोरें आहे. मुकुंदराजांनीं 'विवेकसिंधु' येथेंच शके १११० मध्यें, म्हणजे इसवी सन ११८८ मध्यें, रचला असें इकडील परंपरा मानते. स्थळाविषयीं अंबेजोगाईचाही दावा आहे आणि काळाविषयीं पंडितांत वाद आहे. त्यांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. याच तालुक्यांत मांढळ आहे, जेथें वाकाटक राजांचे ताम्रपट सांपडले. म्हणजे लेखनाची परंपरा या मातीला नवी नव्हे. अध्यात्म येथें लिहिलें गेलें, भूमिदान येथें लिहिलें गेलें. मात्र दान दिलेल्या त्या भूमींत जिनें चिखलांत उभें राहून रोवणी केली, तिची नोंद ठेवावी असें ताम्रपट कोरणाऱ्यास वाटलें नाहीं, आणि वाटावें अशी त्याची रीतही नव्हती.

पण ही रीत सर्वांनाच सारखी लागू होती असेंही नाहीं. वाकाटकांच्याच घराण्यांतील प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या. पति रुद्रसेन वारल्यावर तिनें अज्ञान पुत्रांच्या वतीनें नंदिवर्धनाहून राज्य चालविलें. ऋद्धपूरच्या ताम्रपटांत तिला जें विशेषण लाविलेलें आहे, त्यांत शंभरांहून अधिक वर्षांचा आणि पुत्रपौत्रांचा उल्लेख आहे. त्याचा नेमका अर्थ कसा लावावा याबद्दल मतभेद आहेत. तथापि एवढें निश्चित कीं, सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं विदर्भांत एका स्त्रीचें दीर्घायुष्य आणि तिचें आजीपण हीं तांब्यावर कोरण्याच्या योग्यतेचीं मानलीं गेलीं. ती राणी होती हें खरें. म्हणजे आजीपण हा विषय क्षुद्र आहे असें आपल्या पूर्वजांस वाटत नव्हतें. तो मान कोणाला द्यावा, एवढाच भेद होता. हा भेद छापखाना आल्यावर नाहींसा व्हावयास हवा होता. तो झाला काय?

रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. त्याची सरलता आणि सत्यता यांविषयीं दुमत होणार नाहीं. परंतु न्यायमूर्ति १९०१ सालीं निवर्तले आणि आठवणीही तेथेंच थांबल्या. रमाबाई त्यानंतर १९२४ पर्यंत जगल्या. पुण्याचें सेवासदन, स्त्रियांच्या मताधिकारासाठीं केलेले प्रयत्न, ही त्यांची स्वतंत्र कर्तबगारी याच काळांतील आहे. तिला त्यांच्या आठवणींच्या पुस्तकांत जागा नाहीं. पतीबरोबर कथा संपावी हा त्या काळचा संकेत होता, आणि एवढी समर्थ लेखिकाही त्याच्या बाहेर गेली नाहीं. १९३४ ते १९३६ या वर्षांत निघालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नीं हा संकेत पुष्कळसा मोडला, कारण त्या बाई कोणाच्याही सावलींत फार वेळ बसणाऱ्या नव्हत्या. स्वतःकडे पाहून हंसण्याचें त्यांचें सामर्थ्य मराठींत अद्यापि दुर्मिळच आहे. पण या दोघीही लिहूं शकत होत्या, आणि दोघींचेही पति नांवाजलेले होते. शेतांत राबणाऱ्या निरक्षर गृहिणीला या दोन्ही सोयी नाहींत.

कथावाङ्मयानें तिच्याकडे पाहिलें तें बहुधा आई म्हणून. साने गुरुजींच्या 'श्यामच्या आई'ला (१९३५) महाराष्ट्राच्या हृदयांत जें स्थान मिळालें तें योग्यच आहे. त्या पुस्तकाचा जोम मात्र मुलाच्या स्मरणांत आहे, आणि आई म्हातारी होण्यापूर्वींच जाते. अकालीं गेलेली आई पवित्र होते. जी मागें राहते, जिला सुना येतात, जिचें त्यांच्याशीं पटतें किंवा पटत नाहीं, जी कोठीच्या किल्ल्या सोडतां सोडीत नाहीं आणि शेवटीं एके दिवशीं सोडते, तिचें वर्णन करणें अधिक अवघड असतें. तेथें लेखकास नुसती भक्ति पुरत नाहीं. निरीक्षण लागतें, आणि न्यायबुद्धि लागते.

ही उणीव ओवीनें भरून काढली आहे, असें कोणी म्हणेल. काका कालेलकर व वामन चोरघडे यांनीं स्त्रीगीतांच्या आपल्या संग्रहास 'साहित्याचें मूलधन' असें नांव दिलें, तें फार मार्मिक आहे. पण मूलधनाचा मालक कोण? ओवींत स्वर आहे, माया आहे, माहेरची ओढ आहे, धन्याबद्दलचा रागही आहे. नाहीं तें एवढेंच कीं, हें कोणत्या बाईनें, कोणत्या वयांत, काय सोसून म्हटलें. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं पुढें लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हां गाणारणीचें व गांवाचें नांव नोंदण्याची दक्षता घेतली. हें पाऊल आम्हांस संग्रहाच्या संख्येइतकेंच महत्त्वाचें वाटतें. जातें बंद पडल्याबद्दल उसासे टाकणाऱ्यांत मात्र आम्ही नाहीं. पहांटेच्या दळणांतून गिरणीनें बायकांचे खांदे सोडविले हें चांगलेंच झालें. तक्रार इतकीच कीं, दळण थांबलें तेव्हां बोलण्याची ती जागाही गेली, आणि तिच्याऐवजीं दुसरी जागा आपण करून दिली नाहीं.

या सर्वांत बहिणाबाई चौधरी यांचें उदाहरण आम्हांस निर्णायक वाटतें. १८८० सालीं खानदेशांतील असोदें येथें त्यांचा जन्म झाला, आणि ऐन तारुण्यांत वैधव्य आलें. लिहितां वाचतां येत नसतां त्यांनीं शेत आणि घर संभाळीत गाणीं रचलीं. मुलगा सोपानदेव व आप्त यांनीं तीं उतरून घेतलीं. १९५१ सालीं बाई वारल्या आणि पुढील वर्षीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून टीकाकार त्यांच्या प्रतिभेला झऱ्याची उपमा देत आले आहेत. ही स्तुति आम्हांस अपुरी वाटते. झऱ्यास वय नसतें, श्रम नसतात. बहिणाबाईंच्या गाण्यांतील संसाराचें ज्ञान पन्नास साठ वर्षें चूल, जातें, खळें आणि नातवंडें यांच्यांत वागून, तुलना करून, पुन्हां पुन्हां पारखून मिळविलेलें ज्ञान आहे. तें दीर्घ आयुष्याचें फळ आहे. तरुण कवीला तें साधलें नसतें, मग त्याची प्रतिभा कितीही मोठी असो.

येथेंच चरित्रकारांची अडचण आम्हांस उमगते. आपलें चरित्रलेखन प्रसंगांवर चालतें. गृहिणीचें आयुष्य आवर्तनांवर चालतें. तेंच बी, तेच परे, तीच रोवणी, तेंच जवस आणि लाखोळी, उन्हाळ्यांतील त्याच वड्या. पण जो बारकाईनें पाहील त्याला दिसेल कीं, एकही आवर्तन मागल्यासारखें नसतें. कुहीकडे मिरची वाळवून तिचे देठ खुडण्याच्या जागेस सातरा म्हणतात. तेथें बसलेल्या म्हातारीला, तिनें पहिल्यांदा देठ खुडले तेव्हां मजुरी काय होती आणि ती कोणाच्या हातीं पडे, एवढें विचारलें तरी अर्ध्या शतकाचें अर्थशास्त्र आणि गृहशास्त्र बाहेर येईल. दुःखें विचारूं नयेत. तीं ती आपणहून सांगेल किंवा सांगणार नाहीं. कामें विचारावीं. आणि तिनें बांधी म्हटलें तर शेत असें सुधारून लिहूं नये.

ही निकड आमच्या कल्पनेंतील नव्हे. २२ एप्रिल १९८८ रोजीं पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली, आणि त्या जलाशयासाठीं कुही तालुक्यांतील गांवांनाही उठावें लागलें. नव्या वसाहती झाल्या. मोबदल्याचे हिशेब झाले. सरकारी कागदांत जमिनीचें क्षेत्र आहे, घराची मोजणी आहे. कोणत्या विहिरीचें पाणी डाळ शिजण्यास चांगलें होतें, कोणत्या वाटेनें रात्रीं सुईण आणीत, पुरांत धान्य कोठें हलवीत, हा नकाशा मात्र त्या गांवांतील वृद्ध स्त्रियांच्या डोक्यांत आहे. स्वातंत्र्यापूर्वीं जन्मलेल्या त्या स्त्रिया आज ऐंशीच्या घरांत किंवा त्याच्याही पलीकडे आहेत. गांव पाण्याखालीं गेल्यावर चरित्र हाच त्याचा एक पुरावा उरतो.

हें काम कोणीं करावें? विद्यापीठांनीं करावें हें ठीक. पण प्रथम तें लिहूं शकणाऱ्या नातवंडांनीं करावें. मोठ्या ग्रंथाची गरज नाहीं. चाळीस पानें पुरेत. मात्र त्यांत तिचें नांव असावें, माहेरचेंही असावें. तिनें केलेल्या कामांची यादी असावी, तिचे हट्ट असावे, सुनेवर झालेला अन्यायही असावा, आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतरचीं वर्षें गाळलेलीं नसावीं. विवेकसिंधूच्या भूमींतून असें एक पुस्तक आलें, तर आम्ही त्याचें परीक्षण मोठ्या आदरानें करूं, आणि शैलीचे दोष सर्वांत शेवटीं सांगूं.