कमाल वेतनाचा पुरस्कर्ता

सरकारी नोकरीत कोणाचा पगार किती, हे गुपित राहत नाही. सातव्या वेतन आयोगाने तळचे वेतन १८,००० रुपये आणि मंत्रिमंडळ सचिवाचे २,५०,००० रुपये सुचविले. म्हणजे सुमारे चौदा पटींचे अंतर. हे अंतर न्याय्य आहे की नाही, यावर बदलीच्या गावी आपली कितीही वादावादी होवो. ते मोजलेले आहे आणि त्याची कारणे लेखी द्यावी लागतात, एवढे तरी खरे. खाजगी संपत्तीकडे असाच हिशेब मागण्यात ज्यांनी लेखणी झिजविली, त्या सॅम पिझिगाटी या अमेरिकन कामगार-पत्रकाराच्या लेखनाचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

नॅशनल एज्युकेशन असोसिएशन या विशाल शिक्षकसंघाच्या प्रकाशन विभागाची धुरा त्यांनी वीस वर्षे वाहिली; ‘टू मच’ हे केवळ विषमतेला वाहिलेले वार्तापत्र चालविले. १९९२ मधील ‘द मॅक्सिमम वेज’पासून २०१८ मधील ‘द केस फॉर अ मॅक्सिमम वेज’पर्यंत त्यांचे सूत्र एकच आहे. किमान वेतनाचा कायदा समाजाला मान्य असेल, तर कमाल वेतनाचा का नसावा? ही कमाल मर्यादा किमान वेतनाच्या पटीत बांधावी आणि त्यावरील उत्पन्न करात जावे, असे ते म्हणतात. मग धनिकाला आपली मिळकत वाढवायची तर तळच्या मजुराची मजुरी आधी वाढवावी लागेल. कल्पनेतील ही गाठ मोठी मार्मिक आहे.

त्यांच्या ग्रंथांत मला सर्वांत सरस वाटतो तो २०१२ चा ‘द रिच डोन्ट ऑल्वेज विन’. वर्षाला २५,००० डॉलरच्या वर कोणाच्याही हाती करोत्तर उत्पन्न राहू नये, असे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४२ साली सुचविले. काँग्रेसने ते मानले नाही. तरी १९४४ मध्ये कराचा सर्वोच्च दर ९४ टक्क्यांवर गेला आणि १९५० नंतरच्या दशकातही तो ९० टक्क्यांहून अधिक राहिला. १९८८ पर्यंत तोच २८ टक्क्यांवर उतरला. धनिकांची सत्ता एकदा ओसरली होती, ही विस्मृतीत गेलेली हकीकत पिझिगाटी बातमीदाराच्या सरळ भाषेत सांगतात. मात्र तो काळ सर्वांनाच सुखाचा नव्हता. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले होते, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता. हे ध्यानी ठेवूनच त्या सुवर्णयुगाचे वर्णन वाचावे.

भारतीय वाचकाचा खरा आक्षेप निराळाच असेल. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत आपल्याकडे प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. एवढा दर करचुकवेगिरीला खतपाणी घालतो, असा निष्कर्ष वांछू समितीने १९७१ मध्ये काढला. १९५३ चा मृत्युकर १९८५ मध्ये गेला, १९५७ चा संपत्तीकर २०१५ मध्ये. दर कागदावर राहिला आणि पैसा काळ्या वाटेने गेला, हे आपल्यापैकी कित्येकांनी फायलींतून पाहिले आहे. शिवाय प्रचंड संपत्ती ही बहुधा वेतनातून येतच नाही. ती भागांच्या वाढत्या किमतीत दडलेली असते, आणि तिला वेतनाची मर्यादा कशी पोहोचणार?

या आक्षेपाचे पुरते निरसन पिझिगाटी करीत नाहीत. तथापि करापलीकडची वाट ते दाखवितात, ती म्हणजे वेतनातील प्रमाण उघड करून त्यालाच परिणाम जोडणे. अधिकाऱ्याचे वेतन सामान्य कामगाराच्या शंभर पटींहून अधिक असलेल्या कंपन्यांवर पोर्टलंड शहराने २०१६ मध्ये अधिभार मंजूर केला. उलट १:१२ ची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव २०१३ मध्ये स्विस मतदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळला. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यानेही शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना संचालकांच्या मानधनाचे मध्यम वेतनाशी असलेले प्रमाण जाहीर करावयास लावले आहे. वार्षिक अहवालाच्या परिशिष्टातील ते आकडे फारसे कोणी वाचीत नाही. ते वाचावयास लावणे हेच पिझिगाटींच्या लेखनाचे मोल आहे; आणि ज्याचा स्वतःचा पगार सर्वांना ठाऊक असतो, त्या वाचकाला ते अधिक पटावे.