लहान अंक, ठाम संपादक

मराठीतली मासिकं संपली, हे वाक्य १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडल्यापासून नेमानं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खपावर आणि जाहिरातींवर चालणारी बरीच मोठी मासिकं मिटली. पण धुळ्याहून १९८५ साली सुरू झालेलं ‘कवितारती’, मंगेश नारायणराव काळे यांचं ‘खेळ’, मुंबईचं ‘मुक्त शब्द’ अशी पदरमोडीवर काढलेली नियतकालिकं निघत राहिली. स्टेशनवरच्या स्टॉलवर ती सहसा दिसत नाहीत. वाचक कुठून तरी पत्ता मिळवतो, वर्गणी पाठवतो आणि अंकाची वाट पाहतो. फोनवर फुकटात हवा तेवढा मजकूर मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असं विचारलं की उत्तरादाखल कागदाचा वास पुढे केला जातो. कागदाचा वास रद्दीलाही असतो.

अशा अंकाची खरी ओढ आहे ती निवडीची. छपाईचा हिशेब फर्म्यावर, म्हणजे बहुतेक वेळा १६ पानांवर चालतो. आठ फर्मे ठरले की १२८ पानं. एक चांगला लेख उशिरा आला, तर आणखी एका फर्म्याचा खर्च सोसायचा किंवा आधी ठरलेलं काहीतरी काढायचं. पडद्यावर जागा संपत नाही, त्यामुळे ही वेळ तिथे येत नाही. नेटकी निवड तिथेही होऊ शकते, ‘हाकारा’सारखं ऑनलाइन नियतकालिक ती करतं, पण तिथे शिस्त मनाची असते, इथे खिशाचीही असते. मग एका कवीच्या दहा कविता सलग द्यायच्या, लगेच त्या धाटणीच्या कवितेवर आक्षेप घेणारा लेख ठेवायचा, या क्रमातून संपादक बोलू लागतो. वाचकाला ते पटो न पटो, त्याच्याशी भांडता येतं.

गंमत अशी की मराठीतली लघुनियतकालिकं जन्मली ती संपादकाच्या निवडीविरुद्धच. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितांवर बारकाईनं काम करत, लेखकाशी पत्रव्यवहार करत, पुन्हा लिहायला सांगत. त्या चाळणीतून नवसाहित्य घडलं आणि तिच्यात बरंच काही अडकूनही राहिलं. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ काढलं ते सायक्लोस्टाइल करून. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर अक्षरं उमटवायची, रुळाला शाई द्यायची आणि एकेक पान काढायचं. काहीशे प्रतींनंतर स्टेन्सिल फाटू लागे. अक्षरं पुसट, समासात शाईचे डाग. पण जुळारी नको, छापखाना नको आणि कुणाची परवानगीही नको.

साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचं ‘वाचा’, राजा ढाले यांचं ‘येरू’ अशी रांगच लागली. ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळीही झाली. या बंडाचं वर्णन करताना एक गोष्ट सहसा सुटते. प्रस्थापितांना नाकारणारे हे लोक आपल्या अंकात येईल ते छापत नव्हते. त्यांचाही नकार कडक होता, फक्त निकष वेगळे होते. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ दीर्घकाळ चालवलं ते याच ठामपणावर. दलित साहित्य छापायला जागा देणं हा त्यातला एक भाग झाला. लेखक-वाचक मेळावे घेऊन त्यांनी लिहिणाऱ्यांची आणि वाचणाऱ्यांची नवी फळी उभी केली. पुढे हेमंत दिवटे यांच्या ‘अभिधानंतर’नं नव्वदोत्तर कवितेसाठी असाच आग्रह धरला.

चित्रकलेच्या बाबतीत हे काम आणखी अवघड होतं. वर्तमानपत्रात प्रदर्शनाची बातमी यायची, चित्राबद्दल क्वचितच काही यायचं. १९८७ साली सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’ सुरू केलं. ते मध्ये थांबलं, पुन्हा निघालं. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या अबोल चित्रकाराविषयी त्यांनी माणसं गाठून आठवणी जमवल्या आणि २०१६ साली त्यातून जाडजूड ग्रंथ झाला. गायतोंडे यांचं चित्र छापणं ही छापखान्याची परीक्षाच. एकाच रंगाच्या कितीतरी छटा एकमेकींत विरघळलेल्या असतात. लाल शाई जराशी चढली की पृष्ठभागाची सगळी खोली जाते. म्हणून पहिले ताव निघताना मशीनपाशी उभं राहावं लागतं. चार रंग आणि आर्ट पेपर यांचा खर्च सोसून एवढं करायचं तर वेडच हवं. बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ पासून काही वर्षं ‘वृश्चिक’ काढलं, त्यात तर लिनोकटची छापचित्रंच असत.

वेडाला हिशेब मात्र चुकत नाही. आजीव वर्गणी हा छोट्या नियतकालिकाचा पहिला सापळा. रक्कम एकरकमी येते, दोन-तीन अंकांत संपते आणि अंक पाठवण्याची जबाबदारी तीस वर्षं उरते. पैसे आटले की जोडअंक निघतो. टपाल सवलतीचंही तसंच. १८९८ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्राच्या दरासाठी दोन अंकांतलं अंतर ३१ दिवसांहून जास्त नसावं अशी अट होती. त्यामुळे त्रैमासिकं आणि अनियतकालिकं त्यातून आपोआप बाहेर पडली. मग उरतो दिवाळी अंक. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पाडलेल्या या प्रथेमुळे सहकारी बँका आणि बिल्डरांच्या शुभेच्छा-जाहिराती मिळतात, त्यावर पुढचे अंक कसेबसे निघतात.

या ओढाताणीचा परिणाम थेट मजकुरावर झाला आहे, आणि आजच्या बऱ्याच अंकांविषयी माझी तक्रार इथेच आहे. वर्गणीदार, देणगीदार आणि लेखक ही तीच माणसं होऊन बसली, की संपादकाला नकार परवडत नाही. त्यात प्राध्यापकांच्या पदोन्नतीची भर पडली. मान्य नियतकालिकांची यूजीसीची ‘केअर’ यादी २०१९ साली आली आणि तिच्यात स्थान मिळालेल्या काही वाङ्मयीन नियतकालिकांकडे शोधनिबंधांचा ओघ सुरू झाला. २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादी मोडीत काढली. निबंधांची ती भाषा मात्र अंकांत मुरली आहे. त्याच्या जोडीला हयात लेखकांवरचे गौरव विशेषांक. शंभर पानांत एकही प्रतिकूल ओळ नाही, आणि ज्याचा गौरव करायचा त्याच्याच मित्रांनी लिहिलेली परीक्षणं. मुखपृष्ठं देखणी झाली, अक्षरजुळणी सुबक झाली, मुद्रितशोधन मात्र ढासळलं. दोन अंकांची मुखपृष्ठं अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी अवस्था आहे.

दुसरं दुखणं वारसाचं. एका माणसाच्या हट्टावर उभा राहिलेला अंक सहसा त्या माणसाबरोबर थांबतो, कारण शेजारी बसवून कुणाला घडवलेलं नसतं. हस्तलिखित कसं वाचायचं, लेखकाला काय कळवायचं, हे शिकवणारी जागाच नाही. ‘सत्यकथे’च्या परंपरेची ही खरी हानी आहे, आणि ती पैशानं भरून येणारी नाही.

तरीही नवा अंक हाती आला की मी आधी परीक्षणं उघडतो. नावाजलेल्या लेखकाच्या पुस्तकाविषयी कुणी सविस्तर, कारणं देऊन, नापसंतीनं लिहिलं आहे का? अनोळखी नावाला सलग दहा पानं दिली आहेत का? यांतलं एक जरी सापडलं, तर मागे संपादक जागा आहे असं समजून वर्गणी भरावी. फक्त एका वर्षाची, आजीव नव्हे.